पाय दुखत नाही, म्हणूनच रोज बघायचा



या महिन्याचा पाठ पायांचा आहे. बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. मध्ये एक छोटी तपासणी दिली आहे, ती तिथल्या तिथे करून बघा. दशसूत्रीत आपण आरोग्य म्हणतो, त्यातलंच हे एक काम आहे.

एका मावशीची गोष्ट

एका गटातल्या मावशी. वय पंचावन्नच्या पुढे. साखरेचा आजार आठ वर्षांपासून. गोळ्या चालू होत्या, पण संपल्या की आणायच्या राहायच्या. सोयाबीनच्या निंदणीला गेल्या असताना झिजलेल्या स्लिपरमधून बाभळीचा काटा तळपायात गेला. त्यांना कळलंच नाही. तिसऱ्या दिवशी सुनेला फरशीवर रक्ताचे डाग दिसले. तिने विचारलं, "कुणाचा पाय कापलाय?" मावशी म्हणाल्या, "माझा नाही गं, मला कुठं काय दुखतंय!" पाय उचलून बघितला तर अंगठ्याखाली जखम, आणि काटा अजून आतच.

काटा काढला, हळद-चुना भरला, फडकं बांधलं आणि दुसऱ्या दिवशी मावशी परत शेतात. "निंदणी उरकली की दाखवू." आठ दिवसांनी वास यायला लागला. गावातल्या डॉक्टरांकडून पट्टी करून आणली. मग बोट काळं पडलं. जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तीन आठवडे गेले होते. गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

गटाच्या कर्जातून घेतलेल्या शेळ्या दवाखान्यापायी विकल्या गेल्या. सुनेची मजुरी बुडाली, कारण सासूपाशी तीच थांबली. हप्ते थकले. नंतर भेटायला गेलेल्या सख्यांना मावशी एकच वाक्य सांगत होत्या: "दुखलं असतं तर त्याच दिवशी गेले असते गं."

आजचा सगळा पाठ या एका वाक्यात आहे.

दुखणं का बंद होतं?

साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायात दोन गोष्टी बिघडतात.

पहिली, नसा. मोटारीची वायर आतून तुटली की बटण दाबूनही मोटार चालू होत नाही. तशीच पायाची खबर डोक्यापर्यंत नेणारी नस निकामी होते. आधी रात्री पायांची आग होते, मुंग्या येतात, कापसावर चालल्यासारखं वाटतं. पुढे ही आगही थांबते. बाईला वाटतं, बरं झालं, त्रास गेला. खरं तर आता पायाची खबर येणंच बंद झालेलं असतं.

दुसरी, रक्तवाहिन्या. ठिबकच्या नळीत क्षार साचले की शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही. शरीरात पाऊल हे ते शेवटचं झाड. रक्त कमी पोचलं की जखम भरत नाही, आणि औषधही रक्तातूनच जातं, त्यामुळे तेही पोचत नाही.

त्यात साखरेमुळे जंतू वाढायला सोपं जातं. न कळलेली जखम, न पोचलेलं रक्त आणि वाढलेले जंतू असे तिघं एकत्र आले की पाय जातो. मधुमेहामुळे पाय कापावा लागलेल्या दर 100 माणसांत सुमारे 85 जणांची सुरुवात पायाच्या जखमेपासूनच झालेली असते. म्हणजे बहुतेक वेळा मध्ये दिवस असतात. ते दिवस वापरायचे की घालवायचे, एवढंच आपल्या हातात असतं, आणि ते पुष्कळ आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह आहे. तो आता शहरातल्या श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही. आपल्यासारख्या देशांत पाय जास्त जातात त्याची कारणं तुम्हाला ठाऊकच आहेत: अनवाणी किंवा झिजलेल्या चपलेत काम, शेतातली जखम, लांबचा दवाखाना, बुडणारी मजुरी आणि "उद्या जाऊ".

वेल्लोरच्या डॉक्टरांनी काय शोधलं

1946 साली डॉ. पॉल ब्रँड तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या दवाखान्यात काम करू लागले. तेव्हा सगळे समजत होते की कुष्ठरोगात हातापायाची बोटं आपोआप सडून गळतात. ब्रँड यांनी रुग्णांवर बारीक लक्ष ठेवलं तेव्हा वेगळंच दिसलं. रोगाने फक्त जाणीव जात होती. बोटं जात होती ती न कळलेल्या जखमांनी: चुलीचा चटका, चपलेतला खिळा, फोड आला तरी चालत राहणं. रात्री झोपेत उंदीर बोटं कुरतडायचे, तरी माणसाला जाग येत नसे. मग त्यांच्या दवाखान्यात रुग्णांना रोज स्वतःचे हातपाय डोळ्यांनी तपासायला शिकवलं, मऊ रबराच्या चपला दिल्या. पुढे अमेरिकेत गेल्यावर तोच धडा मधुमेहाच्या रुग्णांनाही लागू पडतो हे त्यांनी दाखवलं.

दुखणं हा आपला राखणदार आहे. राखणदार झोपला तर डोळ्यांनी राखण करायची.

आता तपासणी करू या

ज्यांना साखर आहे त्यांची ही तपासणी आत्ता बैठकीतच करा. हिला सुई नको, यंत्र नको, पैसा नको.

1. जिची तपासणी आहे तिने चप्पल काढून पाय लांब करून बसावं, डोळे मिटावेत.
2. दुसरीने आपल्या तर्जनीचं टोक तिच्या पायाच्या बोटाच्या टोकाला अगदी हलकं लावावं, एक-दोन सेकंद. दाबू नका, टोचू नका, गुदगुल्या करू नका. एका बोटाला एकदाच लावा.
3. स्पर्श कळला की तिने "उजवा" किंवा "डावा" म्हणावं.
4. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवं मधलं बोट, शेवटी डावं मधलं बोट. एकूण सहा.

सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर त्या पायाची जाणीव कमी झाली आहे असं धरा. घाबरायचं नाही, पण या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांना पाय दाखवायचा आणि खालचे नियम कडक पाळायचे. गटाने तिचं नाव आरोग्याच्या वहीत लिहून ठेवावं. सगळं कळलं तरी वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यावेत.

आणि ज्यांना साखर आहे की नाही हेच माहीत नाही? तीस वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकीने उपकेंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात साखर आणि बीपी तपासून घ्यावा. आशाताईंना विचारा. उपाशीपोटी साखर 126 किंवा जास्त आली तर मधुमेहाची शंका. डॉक्टर परत तपासून पक्कं करतात. 100 ते 125 म्हणजे उंबरठ्यावर. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एक तपासणी असते, तिला एचबीएवनसी म्हणतात. मधुमेह असलेल्या बहुतेकांसाठी ती 7 च्या आत ठेवायची असते. तुमच्यासाठी किती, ते डॉक्टरांना विचारा.

रोजची पाच मिनिटं

संध्याकाळी दिवाबत्ती झाली की पाय बघायचे. वेळ ठरलेली असली म्हणजे विसरत नाही.

- कोमट पाण्याने, साबणाने पाय धुवा. पाणी कोपराने तपासा, पायाने नाही; पायाला गरम कळत नसेल तर तो भाजेल.
- बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. पावसाळ्यात चिखल्या होतात, तिथूनच जंतू आत शिरतात. चिखल्या झाल्या तर औषध लावा, तशाच ठेवू नका.
- वरून, खालून, टाचेला, बोटांच्या मध्ये बघा: काप, फोड, लाली, सूज, काळा डाग, कुरूप. तळवा दिसत नसेल तर पायाखाली आरसा धरा. नजर कमी असेल तर सुनेला, नातवाला बघायला सांगा. सासूचे पाय बघण्यात कमीपणा नाही.
- टाचांच्या भेगांना खोबरेल तेल लावा. बेचक्यांत तेल लावू नका.
- नखं सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका. कुरूप ब्लेडने कापू नका, दुकानातली कुरपाची औषधी पट्टी लावू नका. त्यातलं औषध कातडी जाळतं.
- जोडवी घट्ट झाली असतील तर सैल करून घ्या. पाय सुजला की तीच बोटात रुततात.
- थंडीत विटेचा शेक, शेगडीजवळ पाय, गरम पाण्याची पिशवी, सगळं बंद. रात्री सुती मोजे घाला.
- घरात उंदीर असतील आणि जाणीव कमी असेल तर जमिनीवर न झोपता खाटेवर झोपा.

चप्पल: घरात आणि शेतातही

पायात चप्पल घालण्याआधी ती उलटी करून झटका, आत हात फिरवा. खडा, काटा, खिळा सापडेल. अंगठ्याच्या पट्ट्याची स्लिपर जाणीव नसलेल्या पायातून निसटते आणि बाईला कळत नाही. मागे पट्टा असलेली, तळाला जाड आणि आतून मऊ अशी चप्पल बरी. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, म्हणून खरेदी संध्याकाळी करा. नवी चप्पल पहिल्या दिवशी तासभरच घाला, मग काढून पायावर लाली आली का ते बघा.

एक नाजूक विषय. नवरात्रात आपल्यातल्या कितीतरी जणी नऊ दिवस अनवाणी राहतात. कुणी वारीला अनवाणी चालतं, कुणी उन्हात तापलेल्या फरशीवरून प्रदक्षिणा घालतं. श्रद्धा ज्याची त्याची. पण जिला साखर आहे आणि पायाची जाणीव कमी आहे, तिचा पाय भाजला तरी तिला कळणार नाही. अशा सखीने व्रत दुसऱ्या रीतीने करावं: एखादा पदार्थ सोडावा, जप करावा, मंदिरात मोजे घालून सकाळी लवकर जावं. आणि बाकीच्यांनी तिला नावं ठेवू नयेत. चप्पल घालणाऱ्या बाईकडे जाऊबाई, शेजारीण तिरक्या नजरेने बघते, म्हणून ती चप्पल काढते. हे बदलणं आपल्या हातात आहे.

जखम झालीच तर

स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा, स्वच्छ कोरडं कापड बांधा. हळद, चुना, तंबाखू, राख, शेण, माती, रॉकेल यातलं काहीही भरू नका. दुखत नसलं तरी त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

सगळ्यात अवघड गोष्ट ही की जखमेच्या पायावर भार द्यायचा नाही. पट्टी कितीही चांगली असली तरी त्याच पायावर दिवसभर उभं राहिलं तर जखम भरत नाही. घरातल्यांनी पाणी, सरपण, शेत वाटून घ्यावं लागेल. हेही औषधच आहे.

थांबू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा, जर:

- जखमेभोवती लाली, सूज, गरमपणा वाढत असेल
- पू किंवा वास येत असेल
- ताप, थंडी असेल किंवा साखर एकदम वाढली असेल
- बोट निळं किंवा काळं पडत असेल
- जखम नसताना एकच पाऊल सुजून गरम झालं असेल. आतली हाडं मोडत असतात आणि दुखत नाही

डॉक्टरांना नम्रपणे विचारा, "पायातला रक्तपुरवठा तपासला का?" काही वेळा बंद झालेली रक्तवाहिनी उघडता येते आणि पाय वाचतो. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. डॉक्टर "एक बोट काढावं लागेल" म्हणाले की घरचे घाबरून पेशंटला घरी आणतात, झाडपाल्याच्या मागे लागतात. सडलेलं बोट वेळेत काढलं नाही तर विष वर चढतं आणि मग गुडघ्याचा प्रश्न येतो. दुसऱ्या डॉक्टरचं मत जरूर घ्या, पण ते एक-दोन दिवसांत घ्या, महिन्याने नाही.

साखर नसतानाही पाय जातो

*बिडी, तंबाखू.* बिडी-सिगारेट ओढणाऱ्या, विशेषतः तरुण पुरुषांत पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडण्याचा एक आजार होतो. चालताना पोटरीत गोळे येतात, मग बोटं काळी पडतात. यावर खरा उपाय एकच, तंबाखू पूर्ण सोडणं. "दोनच ओढतो" चालत नाही. आणि सख्यांनो, मशेरी हीसुद्धा तंबाखूच आहे. ज्यांना साखर आहे त्यांनी तर ती आधी सोडावी.

*साप चावल्यावर आवळलेली दोरी.* दोरी घट्ट बांधली की रक्त थांबतं आणि पाय मरतो. दोरी बांधू नका, चिरा देऊ नका. पैंजण, जोडवी लगेच काढा, पाय हलू देऊ नका, चालवू नका, 108 ला फोन करा. सापाच्या विषावरचं औषध सरकारी दवाखान्यात मिळतं.

*हाड मोडल्यावर घट्ट पट्ट्या.* हाड बसवणाऱ्याकडून बांबूच्या पट्ट्या आवळून बांधून घेतल्या आणि पाय गमावला, असं भारतात घडतं, आफ्रिकेतल्या देशांतही घडतं. प्लास्टर किंवा पट्टीनंतर बोटं सुजली, गार पडली, निळी झाली, बधिर झाली किंवा बोट हलवताना असह्य कळ आली तर लगेच पट्टी सैल करून दवाखाना गाठा. रक्त बंद झालं की सुमारे सहा तासांत स्नायू मरायला लागतात. ही वेळ सकाळची वाट बघण्याची नाही.

*यंत्र.* रोटाव्हेटर चालू असताना त्याच्या मागे चालू नका, मुलांना ट्रॅक्टरवर बसवू नका. मळणी यंत्राजवळ पदर, ओढणी खोचून घ्या. जखम झाली तर स्वच्छ कापडाने जोरात दाबून धरा आणि 108 ला फोन करा.

*कुष्ठरोग.* अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर स्पर्श कळत नाही, तर लपवू नका. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो. लवकर उपचार झाले तर पायाची जाणीवही वाचते. ज्यांची जाणीव गेली आहे त्यांना मऊ रबराच्या चपला मिळतात, आरोग्य केंद्रात विचारा.

गटाने काय करायचं?

मावशींना पहिल्या आठवड्यात कुणी दवाखान्यात नेलं असतं तर बसभाडं आणि एका दिवसाची मजुरी एवढाच खर्च होता. तो टाळला आणि शेळ्या गेल्या. म्हणून पुढच्या बैठकीत हे ठराव घेता येतील:

- पायाच्या जखमेसाठी अंतर्गत कर्ज त्याच दिवशी द्यायचं, बैठकीची वाट बघायची नाही. ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीतून मदत होते का, हेही विचारायचं.
- साखर असलेल्या सखीच्या गोळ्या संपण्याआधी आठवण करायची. आरोग्य केंद्रात त्या फुकट मिळतात. आणायला जाताना दोघी-तिघींच्या एकत्र आणाव्यात.
- जखम झालेल्या सखीची निंदणी गटाने वाटून घ्यायची.
- मोठ्या उपचाराची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारायचं. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवायचं.

पाय गेला असेल तर

ज्या घरात हे घडून गेलं आहे तिथे दोन गोष्टी सांगायला जा. पहिली, उरलेला पाय. आता सगळा भार त्याच्यावर येतो, म्हणून त्याची राखण दुप्पट करायची. दुसरी, उभं राहता येतं. 1968 साली जयपूरमध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी मिळून जयपूर फूट तयार केला. तो रबराचा आहे, त्यावर मांडी घालून, उकिडवं बसता येतं, चिखलात चालता येतं. 1975 साली सुरू झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो मोफत बसवून देते. गुडघा वाचलेला असेल तर चालणं जास्त सोपं जातं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढून ठेवा, बऱ्याच योजनांना ते लागतं.

मावशी आता बैठकीला येतात. आल्या की आधी प्रत्येकीला चप्पल काढायला लावतात आणि तळवे बघतात. त्यांच्यासमोर "मला काही दुखत नाही" म्हणायची कुणाची हिंमत होत नाही.

बैठकीत चर्चा करा

1. आपल्या गटात साखर असलेल्या किती जणी आहेत? आज किती जणींची तपासणी झाली?
2. घरात शेवटचं कुणाच्या पायाला लागलं होतं? त्यावर काय लावलं? दवाखान्यात किती दिवसांनी गेलो?
3. आपल्या गावापासून रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता? तिथे जायला गाडी कुणाची?
4. आज घरी गेल्यावर कुणाचे पाय बघणार?